टीबीच निघू दे

आईला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचं मनातल्या मनात बोलणंही स्वयंपाकघरापर्यंत पोचतं. परवा सकाळी मी चहाचं आधण ठेवून उभी होते आणि देवघरातून आवाज आला, "महाराज, टीबीच निघू दे. वाडीला येऊन सव्वा किलो पेढे ठेवीन." मग जरा थांबून, एवढ्यावर भागणार नाही असं वाटलं असावं, "अभिषेकही करीन." मला आधी हसूच फुटलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई नरसोबाच्या वाडीच्या दत्ताला पोटच्या पोरीसाठी क्षय मागतेय, आणि वर पेढ्यांचं आमिष दाखवतेय. हसू ओसरल्यावर मात्र ते वाक्य दिवसभर खुपत राहिलं. कारण आठवडाभर मीही तेच मागत होते. कोणाकडे मागतेय ते मी ठरवलं नव्हतं, इतकाच काय तो फरक.

गाठ मलाच लागली. आंघोळीनंतर मंगळसूत्र सरळ करताना डाव्या हासळीच्या वरच्या खळग्यात बोटाखालून काहीतरी सरकलं. बारीक, टणक, अजिबात न दुखणारं. दुखत नाही ही चांगली खूण नव्हे, हे एकदा या वाटेने जाऊन आलेल्या बाईला कोणी सांगावं लागत नाही. सहा वर्षांपूर्वी याच बाजूच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो, मग रेडिएशन, आणि तेव्हापासून, तो परत येऊ नये म्हणून, रात्रीच्या जेवणानंतर टॅमॉक्सिफेनची गोळी. फॉलोअपला जायचं, "छान आहे, या सहा महिन्यांनी" ऐकायचं आणि बाहेर पडून समोरच्या उडप्याकडे इडली-सांबार खायचं, असा आमचा रिवाज पडून गेला होता. या खेपेला डॉक्टर मॅडमनी गाठ बराच वेळ चाचपली, काही न बोलता हात धुतले आणि पेट-स्कॅन लिहून दिला. इडलीचा विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही.

पेट-स्कॅनच्या आधी ज्या खोलीत बसवतात, त्या खोलीबद्दल कोणी लिहीत नाही. उपाशीपोटी जायचं, बोटाला टोचून शुगर बघतात, मग शिशाच्या जाड नळकांड्यातून सिरिंज येते आणि ती देणारा मुलगा देऊन झाल्याझाल्या झपझप निघून जातो. त्यानंतर तासभर एकटीनं आरामखुर्चीत पडून राहायचं. फोन नाही, पुस्तक नाही, बोलायचं नाही, च्युइंगगमसुद्धा नाही, कारण जो स्नायू काम करेल तो साखर ओढून घेईल आणि चित्रात उगाच उजळून दिसेल. टोचलेली साखरच असते, तिला किरणोत्सर्गी फ्लोरिनचं शेपूट लावलेलं. दोन तासांच्या आतच तिचं तेज निम्म्यावर येतं, म्हणून सगळी घाई. या तासाभरात मला एकच काम होतं, ते म्हणजे काही न करणं, आणि मी ते फार वाईट केलं. मान आखडून ठेवली होती. मग वाटलं, आखडलेली मानच उजळून दिसेल. मग सैल सोडायला गेले तर जबडा आवळला. घरी जाताना सांगितलं, आज लहान मुलांना जवळ घेऊ नका, गरोदर बाईजवळ बसू नका. लिफ्टमध्ये पोट पुढे आलेली एक मुलगी शिरली तेव्हा मी मुकाट्यानं बाहेर पडून जिन्यानं उतरले.

रिपोर्टवर मॅडम म्हणाल्या, "मानेतली गाठ उजळलीय, छातीच्या मधल्या भागातल्या दोन-तीन गाठीही. पहिलाच आजार परत आलेला असू शकतो. टीबीही असू शकतो. मशीनला साखर खाणारं काहीही सारखंच दिसतं. तुकडा काढल्याशिवाय आपण दोघींनी बोलण्यात अर्थ नाही." मी टीबी हा शब्द असा झेलला की त्यांच्या लक्षात आलं. "आशा धरू नका असं म्हणत नाही मी," त्या म्हणाल्या, "पण फार धरूही नका."

माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याला रात्री फोनवर सांगितलं तर तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "टीबी? तुला? कुठून?" त्याच्या ओळखीतल्या डॉक्टरांना त्यानं विचारलं होतं; तिकडे अशा बाईच्या मानेत गाठ आली तर आधी रिलॅप्सच, म्हणजे जुना आजार परत आलाय असंच, धरून चालतात म्हणे. त्याचं बरोबरच आहे. तिथे माझ्यासारखीला ही दुसरी शक्यता कोणी फारशी देऊ केली नसती. इथे देतात, कारण जगातल्या टीबीच्या रोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. ज्या आकड्याची एरवी पेपर वाचताना लाज वाटायची, तोच आता माझ्या बाजूनं साक्षीला उभा आहे. पुण्यात पीएमपीच्या बसमध्ये कोणीतरी कधीतरी माझ्या मानेवर खोकलं असेल, या कल्पनेनं मला बरं वाटतं. असं बरं वाटणं कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

बायॉप्सीला फार वेळ लागत नाही. सोनोग्राफीचं गार जेल, भुलीचं इंजेक्शन, मग डॉक्टरांनी ती स्प्रिंगची गन आधी हवेत एकदा वाजवून दाखवली. "असा आवाज येईल, दचकायचं नाही." खट. दचकले नाही, पण त्या खट्‌नंतर आतून काहीतरी ओढलं गेल्याचं कळलं, दुखलं नाही तरी कळलं. अशा चार खटा झाल्या. मान वळवायला मनाई होती, तरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून मी ट्रेकडे बघत होते. तुकडे म्हणजे शेवयांचे तुटके तुकडे, पांढुरके, एका टोकाला जरासं रक्त. एवढ्याशावर पुढचं सगळं ठरायचं. सिस्टरनी दोन बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. एकीत फॉर्मालिन, नाकात झणझणणारं, शाळेतल्या बायॉलॉजीच्या लॅबमधल्या बेडकांची आठवण करून देणारं. दुसरीत नुसतं सलाइन. तीन तुकडे पहिलीत गेले, एक दुसरीत. मी विचारलं, असं का? डॉक्टर तरुण होते, न कंटाळता त्यांनी समजावलं. फॉर्मालिनमध्ये पेशी जशाच्या तशा राहतात, पण जंतू मरतात. टीबी शोधायचा तर कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, ते जिवंत लागतात, म्हणून एक तुकडा वेगळा.

एखादा जंतू सुखरूप पोचावा असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

दोन्ही बाटल्या नवऱ्याच्या हातात दिल्या, कारण लॅब दुसऱ्या इमारतीत, दोन चौक पलीकडे. रिक्षात त्यानं ती पिशवी मांडीवर धरली होती आणि स्पीडब्रेकर आला की वर उचलत होता. रिक्षावाल्यानं आरशातून बघून विचारलं, "काय आहे साहेब, काचेचं?" हा म्हणाला, "हो." लॅबच्या काउंटरवर फॉर्म भरताना 'जुना आजार' या रकान्यात त्यानं इतक्या बारीक अक्षरात लिहिलं की तिथल्या बाईंनी त्याला पुन्हा लिहायला लावलं.

नवसाच्या दिवशी रात्री मी आईला विचारलंच. टीबी मागतेस, तुला माहीत आहे ना काय असतं ते? ती बराच वेळ साडीचा पदर बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मला नाही तर कुणाला माहीत असणार?" आणि तिनं आक्काची गोष्ट सांगितली. आक्का म्हणजे तिची आत्या. आजवर आम्ही एवढंच ऐकून होतो, की आक्का लग्नाआधी गेली, प्रकृतीनं नाजूक होती, हवापालटाला ठेवली होती. ती हवापालटाची जागा म्हणजे सांगली-मिरजेच्या मधलं वानलेसवाडीचं सॅनिटोरियम. आजोबा सांगलीहून रविवारी सायकलवरून जायचे. आक्काला डॉक्टरांनी दूध, अंडी, कॉड लिव्हर ऑइल आणि मोकळी हवा सांगितली होती. दुसरं औषध नव्हतंच. सोवळ्याच्या घरात अंडी आणायची तर कुठून, म्हणून आजोबा ती परस्पर मिरजेच्या बाजारातून घ्यायचे. आई चार-पाच वर्षांची असेल, तिला एकदा नेलं होतं. व्हरांड्यात ओळीनं खाटा, आणि मुलांना कुंपणाच्या आत सोडत नसत. आक्कानं लांबूनच हात केला. तिनं क्रोशाचा एक रुमाल विणला होता, कडेला निळी वेल. आजोबांनी तो घेतला, खिशात घातला, आणि घरी आल्यावर अंगणातल्या बंबात टाकला. "मी बघत होते," आई म्हणाली, "वेल आधी जळली."

आक्का १९४६ च्या पावसाळ्यात गेली. स्ट्रेप्टोमायसिन अमेरिकेत १९४३ साली सापडलं होतं, पण इकडच्या घरांपर्यंत ते यायचं होतं. हे सगळं मी त्याच रात्री मोबाइलवर वाचत बसले, झोप नव्हतीच. पुढे १९५६ मध्ये मद्रासला एक केंद्र निघालं आणि तिथे एकशे त्र्याण्णव रोग्यांची पाहणी झाली. निम्म्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवून गोळ्या दिल्या, निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत, कमी खाण्यापिण्यात. वर्षभरानं दोन्हीकडचे जवळपास सारखेच बरे झाले, आणि घरातल्या माणसांनाही लागण वाढली नाही. म्हणजे कुंपण नको होतं, वेगळा पेला नको होता, रुमाल जाळायची गरज नव्हती. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि १८८७ मध्ये, बाविशीच्या आतच, क्षयानं गेल्या, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्यांच्या मागे अशा किती आक्का 'हवापालटाला' गेल्या आणि घराण्याच्या तोंडातून पुसल्या गेल्या, त्याची मोजदाद कोण करणार? आक्काचं नाव घ्यायचं नाही हे आमच्याकडे का ठरलं, तेही आईनं सांगितलं. धाकट्या दोघी आत्यांची लग्नं व्हायची होती.

आणि आता तिची भाची देवासमोर बसून तोच आजार मागते, कारण त्याला औषध आहे. सहा महिने गोळ्या. महापालिकेच्या दवाखान्यात फुकट, वर पोषणासाठी सरकार खात्यात महिन्याला १००० रुपये घालतं. गाठीचा टीबी असेल आणि फुप्फुसात नसेल तर कोणाला लागतही नाही. मॅडमनी एवढंच सांगून ठेवलंय की टीबीचं रिफाम्पिसिन हे औषध सुरू झालं तर ते टॅमॉक्सिफेनचा असर घालवतं, तेव्हा ती गोळी बदलावी लागेल. पहिल्या खेपेला केमोच्या लाल औषधानं लघवी लाल व्हायची आणि मी बाथरूममध्ये रडायचे. रिफाम्पिसिननं ती नारिंगी होते म्हणे. सध्या माझ्या सुखाची कल्पना ही आहे.

पण समजा निघालाच टीबी, तर सांगायचं कोणाला? कॅन्सरच्या वेळी आमच्या सोसायटीनं डबे लावून दिले होते. सोमवारी जोशी वहिनी, मंगळवारी तिसऱ्या मजल्यावरच्या, कोणाचं वरण, कोणाची मऊ खिचडी. टकलावर बांधायला स्कार्फ इतके आले की अजून कपाटात घडी न मोडलेले आहेत. टीबी म्हटल्यावर हेच लोक काय करतील? डबा देतील, पण डबा परत मागतील का? कामाला येणाऱ्या ताई टिकतील? कॅन्सरमध्ये माणूस एकदम शूर होतो, लोक त्याला 'फायटर' वगैरे म्हणतात. टीबीच्या रोग्याला फायटर म्हणालेलं मी अजून ऐकलेलं नाही. मेसेज पाठवणाऱ्या मंडळींचा तर मला आताशा रागच येतो. 'पॉझिटिव्ह राहा', खाली उगवता सूर्य. यांच्यापेक्षा माझी एक जुनी मैत्रीण बरी. तिनं फोन केला, "कळलं," म्हणाली, आणि मग अर्धा तास तिच्या सुनेच्या कागाळ्या सांगत बसली. त्या अर्ध्या तासात मी एकदाही मानेला हात लावला नाही.

सलाइनच्या बाटलीचा रिपोर्ट आधी आला. कल्चरखेरीज त्या तुकड्यावर टीबीच्या जंतूचा अंश शोधणारी एक टेस्टही करतात, तिचं मशीन दोनेक तासांत सांगतं. 'नॉट डिटेक्टेड.' नवऱ्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि आईला एवढंच कळलं की निगेटिव्ह आलंय. तिनं हात जोडले, उठून देवापुढे साखर ठेवली. तिच्या हिशेबानं रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे सुटलो. तिला बसवून समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं, की आई, या खेपेला आपल्याला पॉझिटिव्ह हवं होतं. तिचा चेहरा बघवला नाही. मग मॅडमना फोन केला, तर त्या म्हणाल्या की गाठींमध्ये जंतू मुळातच थोडे असतात, त्या एका तुकड्यात नसतील, एवढ्यावरून टीबी नाही असं म्हणता येत नाही. कल्चर लावलंय, पण त्याला सहा आठवडे लागू शकतात, आणि तोवर फॉर्मालिनमधले तुकडे सांगतीलच. साखरेचं काय करायचं हा प्रश्न होता. आईनं ती मुंग्यांना घातली.

पहिल्या वेळची वाट बघणं वेगळं होतं. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. भीती होती, पण ती अंधारातली, नुसती दाटलेली. आता अंधार कुठे आहे? सगळं लख्ख माहीत आहे. केमोच्या वॉर्डातल्या फिनेलचा वास, तोंडाला येणारी पत्र्याची चव, उशीवरचे केस गोळा करून कुठे टाकायचे हा सकाळचा प्रश्न. डावा हात सुजला तर अंगठी कशी काढायची तेही येतं. हे सगळं ज्ञान रात्री दोन वाजता उठून बसतं. शिवाय या वेळी परत आलं तर काय, हेही माहीत आहे. पहिल्या वेळेला डॉक्टर 'बरं करू' म्हणायचे. दूरच्या गाठींत परत आल्यावर तो शब्द बदलतो, 'आटोक्यात ठेवू' होतो. मॅडमनी तो अजून वापरलेला नाही. मी मात्र त्यांच्या प्रत्येक वाक्यात तो येतोय का बघते.

दिवसा मी लॅबमधल्या त्या तुकड्यांचा माग काढते. पाणी काढून टाकलं असेल, मेण मुरलं असेल. मेणाची वडी यंत्राला लावून कोणीतरी त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढेल. केस त्याच्या पंधरा-वीसपट जाड असतो. ते काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर झेलायचे, मग जांभळा आणि गुलाबी रंग द्यायचा. त्यातला जांभळा मुळात एका झाडाच्या लाकडापासून काढतात, हे वाचून मला का कोण जाणे बरं वाटलं. आणि मग कोणी एक माणूस, ज्याला मी कधी बघणार नाही, चहा पिऊन येईल आणि मायक्रोस्कोपला डोळा लावेल. मला वाटतं, त्या माणसाची झोप नीट झालेली असावी. घरी भांडण वगैरे झालेलं नसावं. आईचा दत्त यात काही करू शकत असेल, तर एवढं त्यानं करावं.

आज दुपारी लॅबमधून फोन आला. मुलीचा आवाज, मागे प्रिंटरची घरघर. "मॅडम, तुमच्या ब्लॉकवर सरांनी दोन स्टेन वाढवलेत. त्याचे चार्जेस भरावे लागतील." मी विचारलं, कुठले? तिनं अडखळत वाचलं, एक एएफबी, एक सायटोकेरॅटिन. स्टेन म्हणजे रंग, पहिला टीबीच्या जंतूसाठी, दुसरा लपलेल्या कॅन्सरच्या पेशीसाठी, हे मला एव्हाना पाठ आहे. "दोन्ही का?" मी विचारलं. "ते सर बघतात मॅडम. लिंक पाठवू का?" नवरा शेजारी उभा होता, त्याच्या कपाळावरच्या आठ्या हलत होत्या. तो काहीतरी अर्थ लावू पाहत होता, म्हणजे पहिला स्टेन मागितलाय त्या अर्थी काहीतरी दिसलं असेल, नाही का? मी त्याला हातानंच थांबवलं. लिंक आली, दोन्हीचे पैसे भरले. रिपोर्ट गुरुवारी देऊ म्हणाली; मध्ये सुट्टी आलीय, तेव्हा कदाचित शुक्रवारी.